वैऱ्यासाठी प्रार्थना : एका ख्रिस्ती प्रवचनाचे चिंतन

सज्जनहो, या वेळी चिंतनासाठी जे प्रवचन घेतले आहे ते आपल्या फडावरचे नाही. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरातल्या एका चर्चमध्ये, १७ नोव्हेंबर १९५७ रोजी, रविवारी, ते झाले. सांगणारे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग, काळ्या लोकांच्या हक्कासाठी पुढे प्राण वेचलेले धर्मोपदेशक. विषय एकच : शत्रूवर प्रेम करा, ही येशू ख्रिस्ताची आज्ञा. हेच प्रवचन पुढे त्यांनी जॉर्जिया राज्यातील तुरुंगात असताना नव्याने लिहून काढले आणि १९६३ साली ते त्यांच्या प्रवचनसंग्रहात छापले गेले. माझे इंग्रजी जुन्या अकरावीचे. शब्दकोश हाताशी ठेवून, सावकाश, तीनदा वाचले.

कोणी विचारील, आपल्या घरी एवढी संतवाणी भरलेली असताना परक्याच्या दारी कशाला जावे? त्याचे उत्तर असे. शेजारच्या घरातला दिवा पाहिला की आपल्या घरातला कोणता कोपरा अंधारात राहिला ते कळते. या प्रवचनाने आपल्या कथनातला तसा एक कोपरा दाखवला. तो कोणता, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच.

कीर्तनात एक अभंग सेवेला घ्यावा तसे डॉ. किंग यांनी एक वचन घेतले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायाच्या शेवटी ते येते. येशू डोंगरावर बसून शिष्यांना सांगतात त्या उपदेशाचा हा भाग. त्याचा भावार्थ असा : शेजाऱ्यावर प्रेम आणि वैऱ्याचा द्वेष, हे तुम्ही ऐकत आला आहात. मी मात्र सांगतो की वैऱ्यावरही प्रेम करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. आपल्यावर प्रेम करणाऱ्यावर प्रेम तर जकातदारसुद्धा करतात, त्यात विशेष काय? देवाचा सूर्य भल्याबुऱ्यांवर सारखाच उगवतो, त्याचा पाऊस दोघांच्याही शेतात पडतो. त्या पित्याची लेकरे व्हायचे असेल तर तुम्हीही तसेच व्हा.

हे वाचताना वारकऱ्याला ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. भगवंतांनी भक्ताची लक्षणे सांगताना पहिलेच लक्षण अद्वेष सांगितले, आणि माउलींनी त्यावर दृष्टांतांची रास घातली. पृथ्वी चांगल्याला धरते आणि वाइटाला टाकते असे कधी होत नाही. पाणी गाईची तहान भागवते म्हणून वाघासाठी विष होत नाही. ज्याने लावले त्याला आणि जो कुऱ्हाड घालतो त्याला, झाड दोघांनाही एकच सावली देते. तिकडे सूर्य आणि पाऊस, इकडे माती, पाणी, झाड. दोन्हीकडे एकच साक्ष, की सृष्टी भेद करत नाही. पॅलेस्टाइनचा डोंगर आणि नेवासे यांच्यात किती अंतर, किती शतके! तरी बोट एकाच दिशेला आहे.

मात्र एक फरक आहे आणि तो लहान नाही. झाडाला तोडणारा वैरी वाटत नाही. पाण्याला वाघाचे भय नाही. माउली जी स्थिती सांगतात ती पोहोचलेल्या भक्ताची आहे. सगळीकडे एकच हरी दिसू लागला की वैरी म्हणायला कोणी उरतच नाही. येशूंच्या वचनात वैरी उरतो. तो छळतोय, हे ठाऊक आहे, त्याला वैरीच म्हटले आहे, आणि तो वैरी असतानाच त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. म्हणजे आपल्याकडे हे सिद्धाचे लक्षण म्हणून येते, तिकडे पहिल्याच दिवसाच्या साधकाला आज्ञा म्हणून येते. ख्रिस्ती लोक हे मुळात पाहतात ते येशूंच्याच आचरणात. क्रुसावर खिळे ठोकणाऱ्यांसाठी त्यांनी क्षमा मागितली. त्यांच्यामागून स्तेफन नावाच्या शिष्याला दगडांनी ठेचून मारले, तेव्हा त्यानेही मारणाऱ्यांसाठी तेच मागणे मागितले.

आता वक्त्याचा अधिकार पाहू. आपल्याकडे म्हण आहेच, बोले तैसा चाले. मॉन्टगोमेरीत तेव्हा बसमध्ये गोऱ्यांच्या जागा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या होत्या, आणि गाडी भरली की काळ्यांनी उठून जागा द्यावी लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या बाईंनी उठायला नकार दिला, त्यांना अटक झाली, आणि ५ डिसेंबरपासून शहरातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. त्याचे पुढारीपण जेमतेम सव्वीस वर्षांच्या या तरुण धर्मोपदेशकाकडे आले. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री ते एका सभेत असताना त्यांच्या घरावर बाँब टाकला गेला. घरात पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी होती. दोघी वाचल्या. घरापुढे मोठा जमाव जमला, काहींच्या हातात हत्यारे होती. त्या फुटलेल्या ओसरीवर उभे राहून डॉ. किंग यांनी लोकांना सांगितले की हत्यारे घरी न्या, आपल्याला शत्रूवर प्रेम करायचे आहे. लोक परत गेले. हा मनुष्य पुढे दीड-दोन वर्षांनी जेव्हा याच वचनावर बोलायला उभा राहतो, तेव्हा त्याचे बोलणे पोथीतले राहत नाही. त्या बाँबहल्ल्यातून वाचलेली त्यांची मुलगी त्याच रविवारी दोन वर्षांची झाली होती.

प्रवचनाची मांडणी साधी आहे. ते सुरुवातीला सांगतात की या वचनावर वर्षातून एकदा तरी बोलायचे असा त्यांचा नेम आहे, दर वेळी नव्या अनुभवाची भर घालून. तोच अभंग दरसाल नव्याने सेवेला घेणाऱ्या कीर्तनकाराला हे ओळखीचे वाटेल. मग दोन प्रश्न : प्रेम करायचे कसे, आणि का?

कसे, याची तीन उत्तरे. पहिले, आधी स्वतःकडे पाहा, समोरच्याच्या द्वेषाला आपल्यातलेच काही कारण झाले आहे का ते तपासा. दुसरे, वैऱ्यामध्ये काहीतरी चांगले असतेच, ते शोधा आणि त्यावर लक्ष ठेवा. तिसरे सर्वांत मोलाचे. वैऱ्याला चिरडण्याची संधी एक दिवस तुमच्या हातात येईल. नोकरीसाठी त्याची शिफारस तुमच्या हाती असेल, त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलायचा अवकाश असेल. त्या दिवशी तसे करू नका. प्रेमाची परीक्षा त्या दिवशी आहे.

सज्जनहो, या तिसऱ्या पायरीपाशी थांबा. आपण सहसा दुबळ्याच्या सहनशीलतेला क्षमा म्हणतो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याने गप्प बसण्यात क्षमा किती आणि नाइलाज किती, हे देवच जाणे. डॉ. किंग परीक्षेची घटका बरोबर नेमतात : हात उगारता येतो आणि उगारला जात नाही, ती घटका. गावातल्या बांधाच्या भांडणात पहा. ज्याचा दावा हरला तो ‘जाऊ द्या’ म्हणतो, त्याला फारसा अर्थ नाही. ज्याच्या बाजूने निकाल लागला त्याने भावाच्या दारी जाऊन, पाणी तुझ्याही शेताला जाईल, असे म्हणावे. ते प्रेम.

का, याच्या उत्तरात एक सुंदर दृष्टांत आहे. ते आणि त्यांचे बंधू रात्री मोटारीने अटलांटाहून चॅटनूगाला निघाले होते. गाडी बंधू चालवत होते. समोरून येणारे कोणीच आपले दिवे मंद करीनात. बंधू चिडून म्हणाले, आता यापुढे मीही करणार नाही. डॉ. किंग यांनी त्यांना थांबवले. सगळ्यांनीच तसे केले तर रस्त्यावर नुसता झगमगाट होईल, कोणाला काही दिसणार नाही आणि सगळेच मरतील, कोणीतरी शहाणपणाने आपला दिवा मंद केला पाहिजे. दृष्टांत कसा असावा याचा हा नमुना. ऐकणाऱ्याच्या रोजच्या जगण्यातला, एका दमात समजणारा, आणि सिद्धांताला नेमका लागू पडणारा. दिवा मंद करणारा रस्ता सोडून देत नाही, गाडी चालवतच राहतो, हेही त्यात आपोआप येते.

शब्दांचे निरूपणही त्यांनी नीट केले आहे. ग्रीक भाषेत प्रेमाला तीन शब्द आहेत. इरॉस म्हणजे सौंदर्याची ओढ, फिलिया म्हणजे मित्रांचा जिव्हाळा, आणि अगापे म्हणजे समोरच्याने काहीही केले तरी त्याचे भले इच्छिणारे, देवाकडून आलेले प्रेम. वैऱ्याच्या बाबतीत सांगितले आहे ते हे तिसरे. वैरी आवडला पाहिजे असे येशूंनी सांगितले नाही, याचा डॉ. किंग यांना आनंद वाटतो. घरावर बाँब टाकणारा आवडणार कसा? पण त्याचे भले इच्छिता येते. मराठीत ‘शत्रूवर प्रेम’ म्हटले की आपण अडतो, कारण आपल्या कानाला प्रेम म्हटले की विठ्ठलाचे प्रेम, माउलीचा पान्हा ऐकू येतो. तो वैऱ्यासाठी आणायचा कुठून? त्यापेक्षा गीतेतले मैत्री आणि करुणा हे शब्द या अगापेला जवळचे आहेत. भाषांतर करणाऱ्यांनी ते वापरले असते तर कितीतरी मराठी वाचकांचा घोटाळा टळला असता.

आता मुख्य मुद्दा. या प्रेमाचा आणि अन्याय सोसत राहण्याचा काय संबंध? डॉ. किंग यांचे उत्तर त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या वागण्यात जास्त स्पष्ट आहे. वैऱ्यासाठी प्रार्थना चालू होती, आणि त्याच काळात ३८१ दिवस लोक त्या बसमध्ये बसले नाहीत. पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण बसले नाहीत. माणसाला हरवायचे नाही, त्या दुष्ट व्यवस्थेला हरवायचे, हा त्यांचा भेद आहे. माउलींनी विश्वात्मक देवाजवळ जे मागितले त्यातही दुष्टांचा नाश नाही. त्यांचे वाकडेपण गळावे एवढेच मागणे आहे. पण वाकडेपण गळावे असे मागणे म्हणजे ते वाकडेपण आहे असे आधी मान्य करणे. त्याला सरळ म्हणणे नव्हे. ही कार्यपद्धती आपल्याला महात्मा गांधींकडून मिळाली, असे डॉ. किंग सांगत. १९५९ साली ते भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात, जिथे गांधीजी राहत असत तिथे, मुक्कामाला होते.

इथे आपल्या अंधारातल्या कोपऱ्याची गोष्ट सांगतो. नाथबाबांची कथा आपण सगळे सांगतो. गोदावरीचे स्नान करून येताना एक यवन त्यांच्यावर थुंकतो, ते पुन्हा स्नानाला जातात, तो पुन्हा थुंकतो, असे एकशे आठ वेळा. नाथांची शांती ढळत नाही आणि शेवटी तो पाय धरतो. काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात ही कथा झाली. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन संपल्यावर एक बाई दर्शनाला आली आणि हळूच म्हणाली, “महाराज, नाथबाबांना गंगा जवळ होती. परत परत न्हायला जाता येत होतं. मी कुठं जाऊ?” तिच्या हाताकडे पाहून मला कळले की ती कोणाबद्दल बोलते आहे. मी म्हणालो, “माउली, आधी माहेरी जा. नवऱ्यासाठी देवाजवळ मागणं तिथूनही मागता येतं.” गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावून तिला त्याच दिवशी भावाकडे पोहोचवले.

डॉ. किंग यांचे प्रवचन वाचताना त्या बाईचा प्रश्न समोर उभा राहिला. नाथांनी शांती स्वतःच्या अंगावर घेतली होती, ती दुसऱ्याला नेमून दिली नव्हती. तुकोबांना मंबाजीने काटेरी फांदीने झोडपले आणि रात्री तो कीर्तनाला आला नाही, तेव्हा तुकोबाच त्याच्या घरी गेले, त्याचे अंग चेपले, त्याला घेऊन आले. महिपतींनी ही कथा सांगितली आहे. तिथेही पाऊल तुकोबांनी स्वतःहून उचलले. मार खाणाऱ्याने स्वतः निवडलेले प्रेम ही साधना आहे. मार न खाणाऱ्याने मार खाणाऱ्याला सांगितलेले तेच प्रेम हा दुसरा मार आहे. हा भेद आपल्या कथनात पुष्कळदा सुटतो. चोखोबांची सहनशीलता आपण रंगवून सांगतो. त्यांना देवळाबाहेर ठेवणारे कोण होते आणि त्यांनी काय करायला हवे होते, हे कितीदा सांगतो? मंगळवेढ्याला कूस कोसळून चोखोबा गेले, समाधी महाद्वारात पायरीशी झाली, आणि त्यांच्या लेकरांना त्या पायरीच्या आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात १ मेपासून दहा दिवस उपोषण केले. विरोध करणाऱ्यांना शिव्याशाप न देता, पण दार उघडलेच पाहिजे हा आग्रह न सोडता. मॉन्टगोमेरीच्या आधी आठ वर्षे पंढरीत हेच घडले आहे. म्हणजे हा मार्ग आपल्याला परका नाही, आपणच तो कथेत कमी आणतो.

आता या प्रवचनाचे उणे सांगणे प्राप्त आहे. दोन ठिकाणी माझे समाधान होत नाही.

एक, दृष्टांताचे. प्रेमाने वैरी जिंकला जातो हे दाखवायला डॉ. किंग अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांची कथा सांगतात. स्टॅन्टन नावाचा गृहस्थ लिंकनची निंदा करीत असे, तरी लिंकनने त्यालाच युद्धमंत्री केले, आणि लिंकनच्या हत्येनंतर त्यानेच त्यांची थोरवी गायली. कथा चांगली आहे, पण सिद्धांताला अपुरी पडते. निंदा करणारा पुढारी वेगळा आणि रात्री घरावर बाँब टाकणारा वेगळा. पहिल्याला जिंकल्याने दुसऱ्याबद्दल काही सिद्ध होत नाही. खरा दृष्टांत वक्त्याच्या स्वतःच्या फुटलेल्या ओसरीवर होता. स्वतःची बढाई नको म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला असेल, तर तो त्यांचा विनय.

दुसरे उणे जास्त खोल आहे. प्रेमात वैऱ्याला पालटण्याची शक्ती आहे, प्रेम करत राहा, तो आज ना उद्या विरघळेल, यावर १९५७ च्या प्रवचनाचा भर आहे. पण फळाची आशा धरून केलेले प्रेम, गीतेच्या भाषेत सांगायचे तर, सकाम झाले. आणि फळ आले नाही तर? ४ एप्रिल १९६८ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, डॉ. किंग यांना मेम्फिस येथे गोळी घातली गेली. मग त्यांचे प्रेम वाया गेले काय? येशूंच्या मूळ वचनात वैरी सुधारेल असे आश्वासनच नाही. तिथे कारण एकच दिले आहे, सूर्य सर्वांवर उगवतो म्हणून. पुस्तकातल्या पाठात डॉ. किंगही अखेर तिथे पोहोचतात आणि देवाची लेकरे होणे हेच सर्वांत मूळ कारण, असे म्हणतात. पण ते थोडक्यात आटोपते. जिथे मुक्काम करायचा तिथे ते पाणी पिऊन पुढे निघाले, असे मला वाटले. आपल्याही कथांचे हेच आहे. यवन पाय धरतो तिथे आपण टाळ्या घेतो. एकशे आठव्या वेळेनंतर त्याने पाय धरले नसते तर नाथांची शांती उणी ठरली असती का? झाड सावली देते ते कुऱ्हाड खाली पडावी म्हणून नव्हे. ही गोष्ट माउलींनी जितकी स्वच्छ सांगितली आहे तितकी या प्रवचनात नाही. इथे आपले धन अधिक आहे.

तेव्हा जमा-खर्च असा. वैरी वैरी असतानाच त्याच्यासाठी मागता येते, त्यासाठी सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि त्याचा अन्याय सोसत बसावेही लागत नाही, हे त्या ख्रिस्ती साधनेकडून घेण्यासारखे. ते मागणे फळासाठी करायचे नाही, हे आपल्या माउलींकडे आहेच.

वाचकहो, चिंतन वाचून बाजूला ठेवले तर श्रम व्यर्थ. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर आपण घरच्यांसाठी मागतोच. त्यात एका माणसाचे नाव घाला, ज्याचे नाव निघाले की तुमचा घास अडकतो. तो आवडायला हवा असे नाही. त्याच्याशी बोलायला जायलाच हवे असे नाही. कोर्टात तारीख असेल तर तारखेला जा, खोटी सही मागितली तर देऊ नका, मारणाऱ्याच्या घरात राहू नका. फक्त देवापुढे त्याचे नाव घ्या आणि त्याचेही भले होवो, एवढे म्हणा. पहिल्या दिवशी जीभ वळणार नाही. न वळली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. आणि दिंडीत तो पुढच्या ओळीत चालत असेल, तर त्याच्या पावलीला आपला टाळ चुकू देऊ नका.

रामकृष्ण हरी.